मोटारविद्येचा जमाखर्च

दहावीचा निकाल लागला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील अनेक घरांत एक बैठक भरते. तिला अध्यक्ष नसतो, तिचे इतिवृत्त कोणी लिहीत नाही. पण तीत होणारा ठराव पुढची चाळीस वर्षे अंमलात राहतो. वडील ओट्यावर, आई उंबऱ्याच्या आत, सल्लागार म्हणून पुण्यात नोकरी करणारा चुलता किंवा शाळेतले गुरुजी, आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तो मुलगा दाराच्या चौकटीला टेकून गप्प. गुण बेताचे असतात. जमीन चार भावांत वाटली गेलेली असते. पुणे-नाशिक रस्त्यावरून पहाटे कामगारांना घेऊन चाकणच्या दिशेने जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या सर्वांनी पाहिलेल्या असतात. मग कोणी तरी म्हणते, ‘‘त्याला मोटारीचं काही तरी शिकवा.’’

हे ‘काही तरी’ चार प्रकारचे असू शकते. गावच्या गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली हातात पाना घेणे, हा पहिला प्रकार. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयटीआयमध्ये, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करणे, हा दुसरा. तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका हा तिसरा आणि बारावीनंतर चार वर्षांची अभियांत्रिकीची पदवी हा चौथा. यांपैकी कोणती वाट किती पैसे खाते आणि किती परत देते, हा हिशेब फार थोड्या घरांत मांडला जातो. बहुतेक ठिकाणी ‘फी किती?’ एवढेच विचारले जाते आणि उत्तर पेलण्याजोगे वाटले की निर्णय होतो. बैल घेताना दात पाहणारा, चाल पाहणारा आणि चार बाजार फिरणारा शेतकरी मुलाच्या शिक्षणाचा सौदा मात्र दर्शनी किमतीवर करतो. याचे कारण त्याचे अज्ञान नव्हे. हिशेबाला लागणारे आकडे त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवीतच नाही, हे त्याचे खरे कारण आहे.

दारापाशी आलेली शाळा

मोटारविद्या शिकण्याची सोयच नाही, अशी तक्रार या भागात आज कोणी करू शकणार नाही. जुन्नरला आणि आंबेगाव तालुक्याचे ठाणे असलेल्या घोडेगावला शासकीय आयटीआय आहेत. मंचरजवळ अवसरी खुर्द येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथेच २००९ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि त्यात ऑटोमोबाइल अभियांत्रिकीची स्वतंत्र शाखाही उघडण्यात आली. कुरण, बेल्हे आणि ओतूर या परिसरांत खासगी संस्थांची तांत्रिक महाविद्यालये उभी राहिली. पन्नास वर्षांपूर्वी तंत्रशिक्षणासाठी ज्या मुलाला पुण्यातील नातेवाइकाच्या खोलीत वळकटी टाकावी लागत असे, त्याचा नातू आज घरून डबा घेऊन पदवीच्या वर्गात जाऊन बसू शकतो.

कारखानेही त्याच वेगाने जवळ आले. देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ मध्ये झाला. टेल्कोने पुण्यात १९६६ मध्ये पाय रोवले. बजाजचा आकुर्डीचा कारखाना त्याआधीपासून पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वस्तीचा आधार होऊ लागला होता. त्याच कंपनीने १९९९ मध्ये चाकणला उत्पादन सुरू केले आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना तेथे उघडला. मोटारउद्योग अशा रीतीने पिंपरीहून निघून खेड तालुक्यात, म्हणजे आंबेगावच्या शेजारघरी, येऊन पोहोचला. मंचरपासून चाकण सुमारे ३० किलोमीटर आणि नारायणगावपासून सुमारे ४५. शाळा दारात आणि कारखाना शेजारी असा योग ग्रामीण महाराष्ट्रातील फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आला असेल. तेव्हा येथील प्रश्न संधीचा नाही. संधीची किंमत ओळखण्याचा आहे.

अमेरिकेत गावाजवळची, कमी खर्चाची आणि कामाचे शिक्षण देणारी अशी महाविद्यालये गेल्या शतकाच्या आरंभापासून वाढत गेली. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये त्यांतील पहिले सुरू झाले. तेथील मोटारदुरुस्तीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कितीला पडतो आणि पुढे किती मिळवून देतो, हा प्रश्न त्या देशात उघडपणे विचारला जातो. शिक्षण खात्याने २०१५ मध्ये तर निरनिराळ्या महाविद्यालयांच्या खर्चाबरोबर त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या कमाईचे आकडेही सर्वांसाठी खुले केले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. नाव आले, अभ्यासक्रम आले. परंतु कमाईची वही उघडी ठेवण्याची प्रथा त्यांच्याबरोबर आली नाही.

खर्चाची बाजू

फी हा खर्चाचा डोळ्यांना दिसणारा भाग. शासकीय आयटीआयमध्ये तो अगदी थोडा आहे. तेथील पात्र प्रशिक्षणार्थींना मिळणारे विद्यावेतन वर्षानुवर्षे महिना ४० रुपयांवर थांबलेले होते. ते २०२३ मध्ये ५०० रुपये करण्यात आले. ४० रुपयांत महिन्याचा चहाही होत नव्हता, ५०० रुपयांत एसटीच्या पासाला तरी हातभार लागतो, इतकाच त्याचा अर्थ. पदविका आणि पदवी यांची फी संस्था शासकीय की खासगी यावर आणि विद्यार्थ्याला लागू होणाऱ्या सवलतींवर अवलंबून असते. राज्य सरकारने २०२४ मध्ये वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्णपणे माफ केले. ज्या घरात मुलगी मोटारीच्या शाखेकडे जाऊ इच्छिते, तेथे तिच्या शिक्षणाचा हिशेब भावाच्या शिक्षणापेक्षा हलका पडू शकतो, ही गोष्ट पुष्कळ घरांना अद्याप ठाऊक नाही.

फीमागे लपलेला खर्च वेळेचा. जे वर्ष वर्गात गेले, त्या वर्षी जी मजुरी मिळाली असती ती बुडाली. थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात शिक्षणाकडे भांडवली गुंतवणूक म्हणून पाहावयास सांगितले, तेव्हा त्यांनी या बुडालेल्या मिळकतीवर विशेष भर दिला होता. शेतकऱ्याला ही कल्पना परकी नाही. ज्या रानात ऊस उभा आहे त्या रानात त्या वर्षी कांदा निघत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मुलाच्या वर्षांनाही हाच नियम लागू पडतो.

मात्र सर्व वर्षांची किंमत सारखी नसते. सोळा ते अठरा या वयातील मुलाला मोठा कारखाना कामावर घेत नाही. धोक्याच्या कामांवर अठरा वर्षांखालील मुलांना लावण्यास कायद्याने बंदी आहे. त्याला मोटार चालविण्याचा परवानाही मिळत नाही. स्वतः दुरुस्त केलेली गाडी रस्त्यावर फिरवून पाहण्याचा अधिकारही त्याला नाही. म्हणजे दहावीनंतरच्या दोन वर्षांत बुडणारी मिळकत फारच थोडी. अठरा ते बावीस या चार वर्षांत बुडणारी मिळकत मात्र पुरत्या माणसाची असते. आयटीआयची दोन वर्षे आयुष्यातील सर्वांत स्वस्त वर्षे खर्च करतात. पदवी महाग वर्षे खर्च करते. दोहोंतील हा फरक फीच्या पावतीवर कधीच दिसत नाही.

तिसरा खर्च अंतराचा. दोन्ही तालुक्यांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग आहेत. पूर्वेला कुकडी प्रकल्पाचे पाणी, ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे आणि हमरस्ता. पश्चिमेला भीमाशंकर आणि नाणेघाटाकडचा डोंगर, भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि मोजक्या एसटीच्या फेऱ्या. डोंगरावरच्या महादेव कोळी कुटुंबातील मुलाची सकाळची गाडी चुकली तर त्याचा केवळ तास बुडत नाही, प्रात्यक्षिकाचा दिवस बुडतो. मोटारविद्या पुस्तकातून निम्मीही येत नाही; हात इंजिनात गेल्याखेरीज ती येत नाही. म्हणून वसतिगृहात जागा मिळणे किंवा न मिळणे हे त्या मुलाच्या हिशेबात फीपेक्षा मोठे कलम ठरते.

एक नमुना हिशेब

आता हे सारे आकड्यांत मांडून पाहता येईल. पुढील आकडे कोणत्याही पाहणीतील नाहीत. केवळ रीत दाखविण्यासाठी ते धरलेले आहेत आणि प्रत्येक घराने त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालावेत. घरी राहून होणारे जेवणखाण सर्वच वाटांना सारखे म्हणून सोडून दिले आहे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंतची सहा वर्षे विचारात घेऊ.

पहिला मुलगा आयटीआयमध्ये जातो. प्रवास, गणवेश, अवजारे आणि फी मिळून वर्षाला १५,००० रुपये धरले तर दोन वर्षांत ३०,००० खर्च होतात. तिसऱ्या वर्षी तो शिकाऊ उमेदवार होतो. २०१९ च्या नियमांनी आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरविले. त्या दराने ८४,००० मिळतात. पुढील तीन वर्षे त्याला महिना १५,००० मिळाले असे समजल्यास ५,४०,००० होतात. खर्च वजा जाता सहा वर्षांच्या अखेरीस शिल्लक ५,९४,०००.

दुसरा मुलगा शासकीय तंत्रनिकेतनात पदविका घेतो. वर्षाला ३०,००० प्रमाणे तीन वर्षांचे ९०,००० खर्च. चौथ्या वर्षी पदविकाधारकाच्या ८,००० या किमान दराने ९६,००० विद्यावेतन आणि नंतर दोन वर्षे महिना १८,००० प्रमाणे ४,३२,०००. शिल्लक ४,३८,०००. तो पहिल्याच्या १,५६,००० मागे आहे. पण महिन्याला ३,००० जास्त मिळवीत असल्याने ही तूट ५२ महिन्यांत, म्हणजे साडेचार वर्षांच्या आतच, भरून निघते.

तिसरा मुलगा अकरावी-बारावी करून खासगी महाविद्यालयात पदवीला जातो. पहिल्या दोन वर्षांचे ४०,००० आणि पुढील चार वर्षांचे फी व वसतिगृहासह वर्षाला १,५०,००० प्रमाणे ६,००,००० धरले, तर बाविसाव्या वर्षी त्याच्या खात्यावर ६,४०,००० रुपयांची तूट आहे. पहिल्या मुलात आणि त्याच्यात १२,३४,००० रुपयांचे अंतर पडले. त्याला महिना २५,००० ची नोकरी मिळाली, तर ते तोडायला सुमारे सव्वादहा वर्षे लागतात. परंतु पदवी घेऊनही १७,००० वरच समाधान मानावे लागले, तर महिन्याच्या २,००० च्या आधिक्याने तेच अंतर तोडायला ५१ वर्षे हवीत. म्हणजे तो त्र्याहत्तर वर्षांचा झालेला असेल. कर्जाचे व्याज तर यात धरलेलेच नाही. हाच मुलगा घराजवळच्या शासकीय महाविद्यालयात वर्षाला ५०,००० मध्ये शिकला असता, तर अंतर ८,३४,००० वर आले असते आणि चांगल्या नोकरीत सात वर्षांत मिटले असते.

या हिशेबाचा अर्थ पदवी घेऊ नये, असा नव्हे. आयटीआयवाल्याचा पगार काही वर्षांनी एका जागी अडतो, पदवीधराला पुढे पर्यवेक्षक, आराखडाकार, व्यवस्थापक होण्याची वाट असते. चाळिशीनंतर दोघांतील अंतर पदवीधराच्या बाजूने वाढू शकते. अर्थ एवढाच की, पदवी ही वस्तू एकच असली तरी ती कोठे घेतली, केवढ्याला घेतली आणि तिच्यानंतर पहिली नोकरी कोणती लागली, यावर ती गुंतवणूक ठरते की नुसता खर्च, हे अवलंबून आहे. ‘इंजिनियर’ हा शब्द लग्नपत्रिकेत सर्वांच्याच नावापुढे सारखा छापला जातो, बँकेच्या पासबुकात मात्र तो सारखा उमटत नाही.

जमेतील फसवे आकडे

जमेच्या बाजूलाही सावधपणे पाहावे लागते. वरच्या हिशेबात पहिल्या मुलाला तीन वर्षे अखंड पगार मिळाला, असे धरले आहे. वस्तुस्थिती पुष्कळदा निराळी असते. वाहनउद्योगातील कामाचा मोठा भाग आज कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी कामगारांच्या हातून होतो. सहा-सात महिने काम, मग ‘ब्रेक’, मग नवा ठेकेदार आणि नवे ओळखपत्र, अशी रीत कामगारांच्या परिचयाची आहे. वर्षातले आठच महिने काम मिळाले, तर त्या तीन वर्षांतील ५,४०,००० चे ३,६०,००० होतात आणि कागदावरचा सारा फायदा एक तृतीयांशाने आटतो. शिवाय महाळुंगे, खराबवाडी किंवा नाणेकरवाडी येथे चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचे खोली-खानावळीचे पैसे पगारातून जातात. १५,००० मधील ५,००० तेथेच उरले, तर घरी १०,००० येतात. घरून ये-जा करावी तर दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री परतताना उसाच्या रानातून दुचाकी हाकावी लागते. आणि या तालुक्यांत उसात बिबट्या असतो, ही कवीची कल्पना नसून वनखात्याच्या दप्तरातील नोंद आहे.

म्हणून नोकरी लागली का, यापेक्षा कोणती नोकरी लागली, हा प्रश्न महत्त्वाचा. शिकाऊ उमेदवारीच्या काळात जो मुलगा वर्षभर एकच नट आवळीत राहिला आणि ज्याने इंजिन, गिअरपेटी, वायरिंग अशा प्रत्येक विभागात काही महिने काढले, त्या दोघांना प्रमाणपत्र एकसारखे मिळते. विद्या सारखी मिळत नाही. तीसपेक्षा कमी कामगार नसलेल्या प्रत्येक आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत, असा नियम आहे. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने २०२५ मध्ये विद्यावेतनात सुमारे ३६ टक्के वाढीची शिफारसही केली. दर वाढणे इष्टच. पण शिकाऊ उमेदवार हा स्वस्त मजूर म्हणून आणला आहे की उद्याचा कारागीर म्हणून, हे दरावरून कळत नाही. जर्मनीत आठवड्याचे काही दिवस शाळा आणि काही दिवस कारखाना अशी जोडव्यवस्था १९६९ च्या कायद्याने देशभर एकसूत्री केली. चाकणच्या जर्मन कारखान्यानेही त्या धर्तीवर काही निवडक मुलांना मेकॅट्रॉनिक्स शिकविण्याचा उपक्रम चालविला. ती रीत मोजक्या जागांपुरती न राहता सर्वसाधारण होणे, हाच या विषयातील खरा सुधार ठरेल.

दुसरे फसवे कलम विद्येच्या आयुष्याचे. बजाजचा चेतक १९७२ मध्ये आला आणि त्याच्या कार्बुरेटरने गावोगावच्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या पोसल्या. त्याच नावाची गाडी २०२० च्या जानेवारीत पुन्हा बाजारात आली ती विजेवर चालणारी. तीत कार्बुरेटर नाही, पिस्टन नाही, क्लचपट्ट्या नाहीत. त्याच वर्षी एप्रिलपासून पेट्रोल-डिझेलच्या नव्या गाड्यांना बीएस-६ हे धुराचे कडक मान लागू झाले आणि इंजिनाची नाडी कानाने ओळखणाऱ्या मिस्त्रीला संगणकी स्कॅनर जोडल्याखेरीज रोग कळेनासा झाला. आज शिकलेली मोटारविद्या चाळीस वर्षे पुरेल, असे मानून केलेला हिशेब चुकणार. जो अभ्यासक्रम वीज, संवेदक आणि बॅटरी यांचे मूळ तत्त्व शिकवितो तो महाग पडला तरी टिकतो. जो केवळ एका नमुन्याचे इंजिन उघडायला शिकवितो तो स्वस्तात घेतला तरी लवकर शिळा होतो.

घरचा बाजार

या सर्व चर्चेत चाकणचे नाव इतके मोठे होऊन बसते की, घरचा बाजार नजरेआड होतो. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने या भागाची शेती बदलली, आणि शेतीबरोबर रस्त्यावरची वाहनेही बदलली. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराच्या हंगामात पिकअप आणि ‘छोटा हत्ती’ यांच्या रांगा लागतात. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन सहकारी साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. फवारणीयंत्रे, रोटाव्हेटर, डिझेलपंप, घरागणिक दुचाकी, हे सारे कोठे ना कोठे रोज बंद पडत असते. ट्रॅक्टर ऐन तोडणीत बंद पडला तर शेतकरी चाकणला जात नाही. तो आळेफाट्याच्या किंवा मंचरच्या मिस्त्रीला फोन करतो, आणि मिस्त्री दोन दिवसांनी येतो, कारण तो एकटा असतो.

या बाजारात कमाई आहे, पण तिचे स्वरूप पगारासारखे नाही. जागेची अनामत, कॉम्प्रेसर, जॅक, पान्यांचे संच आणि स्कॅनर यांसाठी आरंभी भांडवल लागते. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेतून ५०,००० पर्यंतचे ‘शिशु’ आणि त्यापुढचे ‘किशोर’ कर्ज मिळू शकते. खरे भांडवल मात्र उधारी सोसण्याचे असते. ‘‘टोमॅटोचे पैसे झाले की देतो,’’ असे म्हणून ट्रॅक्टर घेऊन जाणारे गिऱ्हाईक मिस्त्रीला नाही म्हणवत नाही, आणि टोमॅटोचा भाव कोसळला की शेतकऱ्याबरोबर मिस्त्रीही बुडतो. हातातील कसबाबरोबर वहीखात्याचे, सुट्या भागांच्या साठ्याचे आणि वसुलीचे शिक्षण कोणत्याच वाटेवर पुरेसे मिळत नाही. गॅरेजे बंद पडतात ती बहुधा या उणिवेपायी, कसबाच्या उणिवेपायी नव्हे.

शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळ येथे या दिशेने एक प्रयोग फार पूर्वीच झाला. हिंदुस्तान लिव्हरमधील संशोधनाची नोकरी सोडून आलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांनी गावाला लागणारी खरी कामे करावीत, त्यांचे पैसे घ्यावेत आणि ते करता करता विज्ञान शिकावे, ही त्यांची पद्धती होती. जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर तेथेच घडविला गेला. या प्रयोगाचे महत्त्व यंत्रापेक्षा हिशेबात आहे. शिकत असतानाच विद्यार्थी काही मिळवितो, म्हणून बुडणारी मिळकत कमी होते. आणि गिऱ्हाइकाशी बोलायला, किंमत सांगायला तो शिकतो, म्हणून पुढे दुकान टाकण्याची भीती जाते. मंचर आणि नारायणगाव यांच्या आसपास एवढी वाहने असताना येथील आयटीआयच्या कार्यशाळा संध्याकाळी कुलूपबंद का राहाव्यात, हा प्रश्न त्या प्रयोगावरून विचारता येतो. गावच्या गॅरेजात वीस वर्षे काम करूनही हातात कागद नसलेल्या मिस्त्रींना तेथे रात्रीच्या वर्गात स्कॅनर आणि विजेची गाडी शिकविता येईल, आणि मुलांना त्या मिस्त्रींचा हात पाहता येईल.

जिन्याची सोय

आणखी एक गोष्ट या बैठकांत सांगितली जात नाही. चार वाटा चार निराळ्या दिशांना जातात, असे समजले जाते. वस्तुतः त्या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय पूर्ण करणाऱ्याला तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविका घेणाऱ्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे दोन, दोन आणि तीन अशा सात वर्षांत आयटीआयचा मुलगा पदवीधर होतो. बारावीच्या वाटेने हीच पदवी सहा वर्षांत मिळते. फरक एका वर्षाचा. पण या एका वर्षाच्या बदल्यात दोन ठिकाणी उतरण्याची, मध्येच नोकरी करून पैसे साठविण्याची आणि पुन्हा चढण्याची मोकळीक मिळते. बारावीच्या वाटेवर तिसऱ्या वर्षी घरची अडचण उभी राहिली तर हाती काहीच नसते. जिन्याच्या वाटेवर प्रत्येक मजल्यावर एक विकता येणारी विद्या असते. ज्या घराला पाऊस आणि बाजारभाव या दोन्हींचा भरवसा नाही, त्या घराला ही मोकळीक एका वर्षापेक्षा निश्चित मोलाची आहे.

या जिन्यावरून चढणे सोपे आहे, असे नाही. आयटीआयच्या मुलाला पदविकेचे गणित आणि इंग्रजी जड जाते, व पुष्कळ जण तेथेच गळतात. म्हणून आयटीआयच्या दुसऱ्या वर्षात या दोन विषयांचे पूरक वर्ग चालविणे हा कोणत्याही नव्या इमारतीपेक्षा स्वस्त आणि फलदायी उपाय ठरेल. त्या वर्गांना लागणारे शिक्षक दोन्ही तालुक्यांतील माध्यमिक शाळांत आजही आहेत.

फलकावरचा हिशेब

भारतातील सुशिक्षित बेकारीचा अभ्यास करणाऱ्या ब्लॉग, लेयर्ड आणि वुडहॉल या अर्थशास्त्रज्ञांनी १९६९ मध्येच दाखवून दिले होते की, शिक्षणाचा घरापुरता हिशेब आणि समाजाचा हिशेब हे दोन वेगळे असतात. घराला फायदेशीर वाटणारी पदवी समाजाला महाग पडू शकते. आजच्या काळात याला एक पुस्ती जोडावी लागेल. खासगी फी आणि कंत्राटी पगार यांच्या कात्रीत सापडलेली पदवी आता पुष्कळ घरांनाही महाग पडू लागली आहे. आणि तिकडे ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी दोन-दोन दिवस उभे आहेत. समाजाला कारागीर हवा आहे आणि घराला इंजिनियर हवा आहे, अशी ही विसंगती आहे. ती उपदेशाने मिटणार नाही. कारागिराच्या हाताला पुरेसा पैसा आणि नावाला मान मिळू लागला, तरच ती मिटेल.

तोवर निदान एक गोष्ट करता येण्याजोगी आहे, आणि तिला फारसा खर्च नाही. मोटारविद्या शिकविणाऱ्या प्रत्येक संस्थेने, शासकीय असो की खासगी, प्रवेशाच्या दिवसांत दारावर एक फलक लावावा. गेल्या तीन वर्षांत किती मुले आली, किती उत्तीर्ण झाली, किती जणांना शिकाऊ उमेदवारी मिळाली, वर्षानंतर किती जण कामावर होती, त्यांतील कायम किती व कंत्राटी किती, हाती येणारा पगार किती आणि किती जणांनी स्वतःचे गॅरेज टाकले, एवढ्या सात ओळी त्यावर असाव्यात. ज्यांना सांगण्याजोगे काही आहे त्या संस्थांना हा फलक जाचक वाटणार नाही. ज्यांना वाटेल, त्यांच्याविषयी पालकांना एक महत्त्वाची माहिती आपोआप मिळेल.

असा फलक लागेपर्यंत हे काम गावातील शिक्षकांनाच करावे लागणार आहे. निकालानंतरच्या त्या घरगुती बैठकीत सर्वांत शिकलेला माणूस बहुधा तेच असतात. त्यांनी आदर्शांच्या गोष्टी सांगाव्यातच; पण खिशातून एक कोरा कागदही काढावा. त्यावर चार वाटांच्या चार ओळी आखाव्यात. प्रत्येकीपुढे फी, प्रवास, जाणारी वर्षे, पहिला पगार आणि वर्षातले कामाचे महिने लिहावेत. बापाला बेरीज-वजाबाकी येते. आणि मग दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या मुलाला आत बोलावून, त्याला इंजिन उघडायला खरोखर आवडते का, हेही विचारावे. कारण त्या कागदावरचे सारे आकडे अखेरीस त्याच्या हातांवर उभे राहणार आहेत.